अंगठा कुठे गेला

मी डोळे करते. असं सांगितलं की लोक आधी माझ्याच डोळ्यांकडे बघतात आणि मग घाईघाईने विषय बदलतात. अपघातात किंवा आजारात ज्यांचा डोळा गेला त्यांच्यासाठी मी खोटा डोळा बनवते. त्याने दिसत नाही. पण तो बसवला की माणूस पुन्हा आरशासमोर उभा राहतो, आणि माझं काम तिथे संपतं.

या कामात नवशिके एक चूक हमखास करतात. ते डोळा सुंदर करतात. पांढराशुभ्र गोल, मधोमध गुळगुळीत तपकिरी बुबुळ, कुठे डाग नाही. तसला डोळा बसवला की शेजारचा खरा डोळा आजारी वाटायला लागतो आणि माणूस बाहुलीसारखा दिसतो. खरा डोळा जरा पिवळट असतो, कोपऱ्यात लालसर असतो, बुबुळात कुठेतरी रंग सांडलेला असतो. म्हणून मी माणसाला खिडकीपाशी उजेडात बसवते, त्याच्या चांगल्या डोळ्यातले सगळे दोष बघते आणि इमानाने उतरवून घेते. शिरांसाठी लाल रेशमाचा धागा उसवते आणि त्याचे केसाएवढे तंतू पांढऱ्या भागावर एकेक करून चिकटवते. हे सगळं मी दादाला कितीदा सांगितलं असेल. पण दादा ऐकून घेणारा नाही, ऐकवणारा आहे.

दादा माझा थोरला भाऊ. तो प्रवचनं करतो आणि छान करतो, उगाच खोटं का बोला. त्याचं सगळ्यात गाजलेलं प्रवचन डोळ्यावर आहे. "हा डोळा बघा," तो म्हणतो, "ज्याने घडवला त्याने एक चूक केलेली नाही. आणि हे शहाणे म्हणतात, हा आपोआप झाला! माशापासून, सरड्यापासून, माकडापासून!" मग हळूच माझ्याकडे बोट दाखवतो. "माझी सख्खी बहीण डोळे करते. तीही या शहाण्यांचंच मानते, माकडांशी सोयरीक सांगते. पण तिने केलेल्या डोळ्याने आजवर एका तरी माणसाला दिसलं का?" लोक हसतात. पूर्वी मीही हसायचे. भाऊच आहे, करतो चेष्टा.

माझं हसू थांबलं ते भिंगरीमुळे. भिंगरी दादाची एकुलती एक मुलगी. नाव वेगळं आहे, पण एका जागी बसत नाही म्हणून सगळे भिंगरीच म्हणतात. ती पाच वर्षांची असताना तिच्या डाव्या डोळ्यात गाठ निघाली आणि डोळा काढावा लागला. तेव्हा दादा हॉस्पिटलच्या जिन्यात बसून ओक्साबोक्शी रडला होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले होते, ते मी विसरलेले नाही. पण पुढे तो पुन्हा प्रवचनाला उभा राहिला आणि डोळ्याच्या प्रवचनात एका वाक्याची भर पडली. "घडवणाऱ्याने चूक केली नाही. बिघाड होतो तो आपल्याकडून."

"आपल्याकडून म्हणजे कोणाकडून?" मी त्याला विचारलं.

"सगळ्या माणसांकडून. तू प्रत्येक गोष्ट अंगावर नको घेऊस."

"पोरगी पहिल्या रांगेत बसून ऐकते, दादा."

"तिला काय कळतंय एवढ्यात?"

मी गप्प बसले नाही. खूप भांडले. वहिनी मध्ये पडली म्हणून बोलणं तुटण्यापर्यंत गेलं नाही, एवढंच.

मूल वाढतं तसा चेहरा वाढतो, खोटा डोळा मात्र आहे तेवढाच राहतो. त्यामुळे भिंगरीला अधूनमधून नवा डोळा लागतो. यंदा दादाने स्वतःच फोन केला. त्यांच्या प्रार्थनेच्या मंडळीची वार्षिक सभा होती आणि तिथे भिंगरी बोलणार होती. एक डोळा गेला तरी देवावरचा विश्वास गेला नाही, वगैरे. भाषण दादाने लिहून दिलं होतं.

"आणि हे बघ," तो म्हणाला, "तिच्या बुबुळात तू तो गंजासारखा डाग काढतेस ना, तो या वेळी नको. लोक जवळून बघतील."

"डाग तिच्या खऱ्या डोळ्यात आहे."

"मग खोट्यात तरी नको."

"दादा, तू तुझं प्रवचन सांभाळ. माझा ब्रश माझ्याकडे राहू दे," असं म्हणून मी फोन ठेवला.

वहिनी भिंगरीला सोडून कामाला गेली. मी भिंगरीला खिडकीपाशी बसवलं आणि रंग कालवायला घेतले. एरवी ही पोरगी खुर्चीत अशी चुळबुळ करते की मला दहादा ओरडावं लागतं. त्या दिवशी ती पुतळ्यासारखी बसली होती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

"आत्या, हा डोळा करू नकोस," ती म्हणाली. "थांब थोडे दिवस. मग दोन्ही एकदमच कर."

माझ्या हातातला ब्रश तिथेच थांबला. "दोन्ही म्हणजे?"

"हा पण जाणार आहे. मला त्याने नीट दिसत नाही. बाबांना सांगू नकोस."

तिच्या डॉक्टरांनी अलीकडेच तो डोळा तपासून अगदी ठणठणीत आहे म्हणून सांगितलं होतं. तरी मी भिंगाखाली पुन्हा बघितला. काही नव्हतं. "काय दिसत नाही तुला? नीट सांग."

"मी प्रवचनात डावीकडच्या घड्याळाकडे बघते ना, तेव्हा बाबांचं डोकं जातं."

"कुठे जातं?"

"जातं म्हणजे नसतंच. खाली शर्ट असतो आणि वर भिंत."

मी हसले. हसायला नको होतं, पण हसले. आणि ती रडायला लागली. डोळा नसलेल्या बाजूनेही पाणी येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. मी तिला जवळ घेतलं तेव्हा तिने हुंदके देत सगळं सांगितलं. लहान असताना तिने प्रार्थनेत एकदा डोळा उघडून बघितलं होतं. सगळे मिटलेले डोळे कसे दिसतात ते तिला बघायचं होतं. डावाच डोळा उघडला होता. मग डाव्यातच गाठ निघाली. आता प्रवचन सोडून घड्याळाकडे बघते, म्हणून उजवाही चालला.

"बाबा म्हणतात ना, बिघाड आपल्याकडून होतो," ती म्हणाली.

मला इतका संताप आला की समोर दादा असता तर त्याचं काही खरं नव्हतं. पाच वर्षांच्या पोरीने हे ओझं उचललं आणि इतकी वर्षं ते घेऊन ती गुपचूप पहिल्या रांगेत बसत आली.

"ऐक," मी म्हणाले. "मी लहानपणापासून प्रार्थनेत डोळे मिटत नाही. दोन्ही उघडे ठेवते. बघ, दोन्ही जागेवर आहेत."

तिने नाक पुसलं. "मग देवाने तुला काहीच शिक्षा केली नाही?"

"केली ना. तुझे बाबा दिले भाऊ म्हणून."

ती हसली. मग मी तिला हात लांब करून दोन्ही अंगठे शेजारीशेजारी धरायला लावले. डाव्या अंगठ्यावरची नजर हलवायची नाही आणि उजवा अंगठा हळूहळू बाजूला न्यायचा. वीतभर जायच्या आत ती ओरडली, "गेला!" मग मीही डावा डोळा मिटून तसंच केलं. "हा बघ, माझाही गेला."

"तुझा पण?"

"माझा, तुझ्या आईचा, बाबांचा, डॉक्टरांचा. सगळ्यांच्या डोळ्यात एका जागी काही दिसत नाही. पण दोन डोळे एकमेकांना सांभाळून घेतात. आणि एकच असला तरी मेंदू थाप मारतो, आजूबाजूची भिंत पसरून ती जागा भरून टाकतो. तुला झाकून घ्यायला दुसरा डोळा नाही, म्हणून तुझ्या लक्षात आलं. त्या अख्ख्या सभागृहात नीट बघणारी तू एकटी आहेस."

"पण ती जागा ठेवलीच का?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं. माझ्या खोलीत वीज नंतर आली. तारा भिंतीच्या आतून नेता आल्या नाहीत, म्हणून त्या वरूनच फिरवल्या आणि शेवटी भिंतीला भोक पाडून बाहेर काढल्या. त्या भोकापाशी आता साधा खिळा ठोकता येत नाही. "डोळ्याचं असंच झालंय," मी म्हणाले. "कोणी एका दिवसात बसून तो घडवला नाही. आधी अंगावर उजेड कळण्यापुरता एक ठिपका होता. मग त्याचा खळगा झाला, खळग्यावर पारदर्शक कातडी आली, पुढे भिंग आलं. याला करोडो वर्षं लागली. मधल्या सगळ्या जनावरांना त्या अर्ध्यामुर्ध्या डोळ्यांनीच पोट भरायचं होतं. जुनं पाडून नवं बांधायची सोय नव्हती, आहे त्यावरच ठिगळं. आपल्या डोळ्यात तारा, म्हणजे मेंदूकडे जाणाऱ्या नसा, उजेड टिपणाऱ्या पडद्याच्या पुढून गेल्या, मग त्या बाहेर काढायला पडद्यात भोक आलं, तीच ती न दिसणारी जागा. ऑक्टोपसच्या डोळ्याची वाट वेगळी. त्याच्या तारा मागून जातात. त्याला भोक नाही."

भिंगरी विचारात पडली. "ऑक्टोपसने असं काय पुण्य केलं होतं?"

या प्रश्नाचं उत्तर दादाकडे नाही, माझ्याकडे नाही, कोणाकडेच नाही. मी तसं सांगितलं. मग तिने खालच्या आवाजात विचारलं, "आणि गाठ?"

"गाठही तशीच. शरीर स्वतःची नक्कल करत वाढतं, आणि नक्कल करताना कधीकधी चुकतं. तू काय केलंस, काय बघितलंस, याच्याशी तिचा संबंध नाही. काडीचाही नाही."

"म्हणजे देव नाही?"

"ते मला माहीत नाही. असलाच तर त्याने सगळं असं सावकाश, ठिगळं लावत केलं असणार. आणि तो पाच वर्षांच्या पोरीच्या डोळ्यावर राग काढणारा असेल, तर त्याच्याशी मीच भांडेन. तू काळजी करू नकोस."

तिचा नवा डोळा मी डागासकट केला.

सभेच्या दिवशी मी मुद्दाम पुढे जाऊन बसले. सभागृह भरलं होतं. माझ्या शेजारी एक म्हातारी काकू होती, दादाचं एकही प्रवचन न चुकवणारी. आधी दादा बोलला. माशापासून माकडापर्यंत सगळ्यांचा समाचार घेऊन झाला. मग त्याने मोठ्या अभिमानाने भिंगरीला पुढे बोलावलं. तिच्या हातात भाषणाचा कागद होता. तिने त्याची घडी घातली आणि खिशात ठेवून दिला.

"आधी सगळ्यांनी अंगठे वर करा," ती म्हणाली.

लोकांना गंमत वाटली. लहान मुलीचं कोण मोडणार? तिने सगळ्यांना डावा डोळा मिटायला लावला. सभागृहभर हात लांब झाले, अंगठे सरकायला लागले. मग कोणीतरी म्हणालं, "अरेच्चा!" माझ्या शेजारची काकू किंचाळलीच. "अगं बाई, माझा अंगठा कुठे गेला?" हशा पिकला, खुर्च्या वाजल्या, लोक एकमेकांना दाखवायला लागले. दादा आधी हसत होता. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं.

"पुरे झालं," तो म्हणाला. "हे काय चाललंय? देवाने केलेल्या गोष्टीचा असा तमाशा करतात का? कोणी शिकवलं तुला हे?"

मी उभी राहिले. "मी शिकवलं."

"तू खाली बस!"

"नाही बसत. आणि तिचं बोलणं संपलेलं नाही."

दादाच्या कपाळावरची शीर उडत होती. पण एवढ्या लोकांसमोर तो मुलीला हाताला धरून खाली उतरवणार नव्हता. भिंगरी त्याच्याकडे वळली. ती घाबरली होती. तरी तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

"बाबा, मी लहान असताना प्रार्थनेत डोळा उघडला होता. हाच, डावा. म्हणून तो गेला असं मला वाटायचं. तुम्ही म्हणता ना, बिघाड आपल्याकडून होतो. पण आत्ता अंगठा तर सगळ्यांचाच गेला. सगळ्यांनी थोडाच डोळा उघडला होता?"

आता कोणी हसत नव्हतं. पलीकडे बसलेल्या वहिनीने तोंडावर हात दाबून धरला होता. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मला हॉस्पिटलचा जिना आठवला.

"प्रार्थना करू या," दादा कसाबसा म्हणाला. "डोळे मिटा."

सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. भिंगरीनेही मिटले नाहीत. तिने माझ्याकडे बघून डोळा मारला, खरा डोळा. मी केलेला दुसरा, गंजासारख्या डागाचा, तेवढा उघडा राहिला.

प्रार्थना काही सुरू होईना. मी दादाकडे बघितलं. मिटल्या डोळ्यांच्या त्या सभेसमोर तो दोन्ही हात लांब करून उभा होता. डावा डोळा मिटलेला, दोन अंगठे समोर. उजवा अंगठा हळूहळू बाजूला सरकत होता. एका जागी तो थांबला. दादा तसाच कितीतरी वेळ बघत राहिला.

मग त्याने हात खाली घेतले, भिंगरीसमोर गुडघ्यावर बसला आणि तिला काहीतरी विचारलं. त्याचा प्रश्न मला ऐकू आला नाही. तिचं उत्तर सगळ्यांना ऐकू गेलं.

"हो बाबा. रोज वाटायचं."

लोक डोळे मिटून वाट बघत होते. त्या दिवशी प्रार्थना झालीच नाही.