नावं हरवलेले आवाज

"अहो, पाटावर हे काय ठेवलंत तुम्ही?" झेंडूची परडी हातात घेऊन वृंदाबाई दारातच थबकल्या.

पाटावर नट पिळायचे पाने, पक्कड, हातोडी, विळी अशी सगळी खंडेनवमीची मंडळी मांडली होती, आणि त्यांच्या मधोमध बाईंची हार्ड डिस्क, हळदकुंकू लावून, वर फूल वाहून. श्यामसुंदरराव कलकत्त्याजवळ बजबजच्या तागाच्या गिरणीत इंजिनिअर होते. निवृत्त झाले तरी हत्यारांची पूजा त्यांनी कधी चुकवली नाही.

"तुझं हत्यार ते हेच. म्हटलं, यंदा त्यालाही पुजावं."

"अहो, पण तिच्यात फाइली चढत होत्या. मध्येच उपटलीत?"

"उपटली कसली, हलकेच काढली," राव म्हणाले. जसं काही हलकेच काढल्याने पाप कमी होतं!

बालीगंजच्या त्या घरात बाई दर रविवारी मराठीचा वर्ग घेत. बदलीवर आलेल्यांची पोरं, इथेच जन्मलेली पोरं, सगळी घरात मराठी ऐकायची आणि उत्तर बंगालीत द्यायची. वर्ष संपताना प्रत्येकाने एक गोष्ट मराठीत सांगायची आणि बाईंनी ती टेप करायची, असा रिवाज. कलकत्त्याच्या दमट हवेत कॅसेटींना बुरशी धरू लागली तेव्हा बाईंनी सगळे आवाज डिस्कवर उतरवले आणि कॅसेटी टाकून दिल्या. दुसरी प्रत नव्हती. उद्या दसऱ्याला जुनी मुलं सोनं द्यायला येणार होती, आणि प्रत्येकाला त्याचा लहानपणचा आवाज ऐकवीन, असं बाई सगळ्यांना सांगून बसल्या होत्या.

कुंकू पुसून डिस्क पुन्हा जोडली. कॉम्प्युटरने विचारलं, डिस्क फॉरमॅट केल्याशिवाय वापरता येणार नाही, करू का?

"हो म्हण की. एवढं विचारतोय बिचारा," राव म्हणाले.

बाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. राव कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले. बाहेर दुर्गापूजेचे ढोल, ते ढाक, वाजत होते. पूजेच्या नवमीला कोणता दुरुस्तीवाला दुकान उघडणार? बाईंनी सईला फोन लावला. सई त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता हैदराबादला कॉम्प्युटरच्याच कंपनीत.

"मावशी, हो म्हणू नका हं. फॉरमॅट केलं तर पाटी कोरी होईल."

"मग गेलं का गं सगळं?" बाईंनी विचारलं.

"नाही, आवाज आत असणार. कुठला आवाज कुठे ठेवलाय, ती नोंद फक्त बिघडलीये. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली तरी पानं असतात ना, तसं. आणि दुरुस्तीही आत्ताच नको, तिनेच आणखी बिघडायचं. आधी सगळं लॅपटॉपवर काढून घेऊ, मग डिस्कचं बघू."

ही पोरगी पहिलं अख्खं वर्ष वर्गात तोंड उघडत नव्हती. आता कॉम्प्युटरच्या पोटातलं दुखणं मराठीत समजावून सांगत होती, आणि कुठे अडखळत नव्हती. बाईंना क्षणभर डिस्कचा विसर पडला आणि ऊर भरून आला.

सईने सांगितला तो प्रोग्राम बाईंनी चालवला. दुपारपर्यंत फाइली एकेक करून बाहेर आल्या, पण सगळ्यांवर नुसते आकडे.

"नावं नाही परत येत, मावशी. ती त्या नोंदीतच होती."

"नावांचं माझ्यावर सोड," बाई जरा तोऱ्यातच म्हणाल्या. "माझे कान शाबूत आहेत."

आणि खरोखरच होते. "हा शंतनु. दर वाक्याला नाक ओढतो." "ही ऋता. हिचा ससा वाघ दिसेपर्यंत मराठी बोलतो, मग घाबरून बंगालीत पळतो." बाई ऐकायच्या, हसायच्या, नाव टाइप करायच्या. एकही चुकलं नाही.

शेवटी एक फाइल राहिली. एका तरुण मुलीचा आवाज होता, चिमणीची गोष्ट, अगदी रंगवून सांगितलेली.

"ही कोण बाई? किती स्वच्छ बोलते." बाईंनी पुन्हा लावली, मग पुन्हा. चेहरा उतरला. "माझ्या हातची मुलगी, आणि मला ओळखू येऊ नये?"

सकाळपासून गप्प बसलेले राव कोपऱ्यातून म्हणाले, "तूच आहेस ती."

"काहीतरीच."

"वर्गाचा पहिला दिवस. पोरं तोंड उघडेनात, म्हणून आधी तू सांगितलीस. टेपचं बटण मीच दाबलं होतं, मला माहीत नसेल?"

बाईंनी पदराने चष्मा पुसला आणि गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. संपल्यावर त्या तरुण आवाजाने विचारलं, "चला, आता कोण सांगणार?"

टेपवर कुणीच बोललं नाही. कुणीतरी जागच्या जागी चुळबुळलं, आणि आवाज बंद झाला.

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. तिथे वरपासून खालपर्यंत मुलांची नावं होती.