डावीकडे ओढणारी पिकअप

पाटसच्या पुढे हायवेला लागून चाकेश्वर महाराजांचं पत्र्याचं शेड आहे. त्या रविवारी सकाळी तिथं दीड-दोनशे माणूस जमलं होतं. सगळ्यांच्या नजरा हौसराव आबांच्या पांढऱ्या पिकअपवर होत्या. बॉनेटखालून लाल थेंब मातीत पडत होते.

"रगत हाय," चाकेश्वर महाराज म्हणाले. "गाडीचं न्हाई, दत्ताचं."

या महाराजांकडं गाडी चालवायचं लायसन नव्हतं, पण चारही चाकांशी त्यांचं बोलणं होतं. लोखंडाला जीभ नसते, म्हणून लोखंडाच्या वतीनं आपण बोलतो, असं ते सांगत. बोलण्याचा दर अकरा हजार.

गर्दीच्या कडेला करुणा उभी होती. ती याच गावच्या बौद्ध वस्तीतली, दौंडला एका आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या वर्गाला शिकवणारी. तिला सारजाबाईंनी, आबांच्या बायकोनं, नवऱ्याला न सांगता बोलावलं होतं. गेल्या आठवड्यात गाडीतून उतरताना सारजाबाईंचा पदर पुढच्या डाव्या चाकाला लागला आणि करपला. ते त्यांच्या मनातून जाईना. मंगळवारी याच गाडीतून अकरा बायका कांदा काढायला भीमेपलीकडं जाणार होत्या.

गाडीची हकीकत गावाला पाठ होती. वर्षापूर्वी ती गावातल्याच दत्ताची होती. कुरकुंभकडच्या उतारावर तो गाडीसकट डाव्या अंगाच्या कालव्यात गेला आणि मेला. रस्त्यावर ब्रेकची एक खूण नव्हती. म्हणून लोक आधी म्हणाले, पोरगं प्यायलं असेल. मग म्हणाले, पोरानं मुद्दाम घातली. शिक्रापूरकडच्या, जुन्या गाड्या विकणाऱ्या पृथ्वीराज शेठनं ती मोडकी गाडी उचलली, पत्रा ठोकून रंग मारला आणि आबांना स्वस्तात विकली. महिन्याभरात गाडी चालता चालता डावीकडं, कालव्याच्या अंगाला ओढायला लागली. आबा तक्रार घेऊन गेले, तर शेठनं गॅरेजचा नाही, महाराजांचा पत्ता दिला.

दोनदा विधी झाला होता. दोन्ही वेळा तासभर मंत्र झाले, चाकांवर घागरीनं तीर्थ ओतलं गेलं, आणि गाडी सरळ चालली. दहा-बारा किलोमीटरनंतर पुन्हा ओढ सुरू.

आज महाराजांनी दत्ताच्या आईला, रंभाबाईंना, बोलावून घेतलं होतं. लेकाला गाडीतून परत बोलवायला. ती म्हातारी गाडीपुढं हात जोडून उभी होती आणि महाराज सांगतील ते म्हणत होती. "दत्ता, सोड आता लोकांना. लई छळलंस बाबा."

करुणाला ते ऐकवेना. ती पुढं आली, मातीतला एक लाल थेंब बोटावर घेतला आणि तांब्यातल्या पाण्यात सोडला. थेंब विरघळला नाही. पाण्यावर तवंग धरून तरंगत राहिला.

"रगत पाण्यात मिसळतं," ती शांतपणे म्हणाली. "हे पॉवर स्टिअरिंगचं तेल हाय. लालच असतं. पाईप गळतोय."

महाराज हसले. ओढ पण तेलामुळंच लागते का, असं त्यांनी विचारलं. करुणा म्हणाली, त्याचं उत्तर तासाभरात देते, फक्त मंत्र नको आणि पाणी नको, गाडी नुसती उभी राहू द्या. महाराजांनी डोळे मोठे केले. विधी अर्धा ठेवला तर सूर्य मावळायच्या आत ही गाडी जीव घेईल, असं त्यांनी सांगितलं. लोक मागं सरकले. आबांनी करुणाला घरी जायला सांगितलं, आणि गर्दीतून कुणीतरी तिची वस्ती काढली.

तेव्हा रंभाबाई बोलल्या. "उभी राहू द्या गाडी. कुणाला छळायचंच असंल तर माझा दत्ता मला छळंल."

आईच्या शब्दापुढं आबांनी गाडी तशीच उभी ठेवली. लोक सावलीला बसून राहिले आणि गाडीकडं बघत राहिले. कुणी तंबाखू मळेना. एकदा आतून टिक्क असा तापलेलं लोखंड निवण्याचा आवाज आला, तर पुढची रांग उठून उभी राहिली.

तास झाला. करुणा स्वतः स्टिअरिंगवर बसली. मोकळ्या पट्ट्यावर हात अलगद सोडून तिनं गाडी हळूहळू नेली आणि आणली. गाडी सुतासारखी सरळ चालली.

मग तिनं जॅक लावून पुढचं डावं चाक उतरवलं. आत ब्रेकची पकड होती, आणि त्या पकडीतला पिस्टन, म्हणजे ती दाबणारा दट्ट्या, गंजून जाम झालेला. पायाखालचा ब्रेक सोडला तरी पकड सुटत नाही, असं तिनं आबांना वाकून दाखवलं. चाक घासत राहतं, तापतं, आणि गाडी त्या अंगाला ओढते. गाडी थांबली, चाक निवलं, की पकड थोडी सैल होते. महाराजांचा विधी म्हणजे एवढंच, तासभर थांबणं आणि तापल्या चाकावर पाणी.

"आन् जीव घेणार म्हणाले ते खरं हाय," ती पुढं म्हणाली. "चाक फार तापलं तर ब्रेकचं ऑईल उकळतं. मग पाय तळाला जातो, ब्रेक लागत न्हाई. मंगळवारी अकरा बायका बसणार होत्या यात."

आबा खाली बसले. दुरुस्तीला किती लागतील, हे त्यांनी विचारलं. पकडीचं किट, पॅड, नवं ऑईल, स्टिअरिंगचा पाईप आणि मजुरी धरून सहा-सात हजार, ती म्हणाली. महाराजांना दोन विधींचे बावीस देऊन झाले होते. महाराज मात्र तोवर एका मोटरसायकलवर बसून निघाले होते, आणि ती मोटरसायकल पृथ्वीराज शेठच्या माणसाची होती. शेठनं विकलेल्या आणखी तीन गाड्यांना महाराजांचा काळा दोरा बांधलेला होता. त्या तिन्ही त्या घडीला कुठंतरी रस्त्यावर धावत होत्या. आबांनी ओळखीच्यांना फोन लावायला सुरुवात केली.

रंभाबाई उघड्या चाकापाशी बसल्या होत्या. गंजावर बोट फिरवत त्यांनी विचारलं, हा गंज कधीचा.

"वर्षापेक्षा जुना, मावशी. शेठनं वरचा पत्रा तेवढा रंगवला."

"शेवटच्या आठवड्यात म्हणायचा, आये, ब्रेक खाली बसतोय. दाखवून घेतो." म्हातारीनं बोटाचा गंज पदराला पुसला. "मंग त्या खुणा का न्हवत्या रस्त्यावर?"

करुणाला खोटा दिलासा द्यायचा नव्हता. ती तिच्या शेजारी मातीत बसली. "मी तिथं न्हवते, म्हणून शपथेवर न्हाई सांगता येणार. पण ब्रेक लागला तरच चाक घासून खूण उठती. लागलाच न्हाई तर कितीबी दाबा, रस्ता कोरा राहतो."

"म्हंजी त्यानं दाबला असंल."

"माझ्या मतानं दाबला असंल, मावशी. शेवटपर्यंत."

रंभाबाई वर्षभरात पहिल्यांदा लोकांदेखत रडल्या.

दुपारी करुणा, आबा आणि सारजाबाई जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात गेले. निघताना करुणानं जमलेल्यांना एवढंच सांगितलं, की भीती सगळ्यांनाच वाटते, तिला लाजू नका. पण भ्यालात तर दोरा बांधायच्या आधी चाक खोलून बघा. वर्षापूर्वी कुणी एकानं ते बघितलं असतं, तर आज त्या आईला मेलेल्या लेकापुढं हात जोडावे लागले नसते.