दाखवायचे दात

यंदा आमदारकीला तिघं उभे होते आणि तिघांनाही डॉक्टरीणबाई जरा जास्तच जवळून ओळखत होत्या. दोघं त्यांच्याकडे दात दाखवायला येत. तिसरा त्यांचा सख्खा धाकटा दीर.

पहिला म्हणजे सध्याचा आमदार. मूळचा रस्त्यांचा कंत्राटदार. निवडून आल्यावरही लोक त्याला कंत्राटदारच म्हणत, कारण निवडून आल्यावरही त्याने दुसरं काही केलं नव्हतं. रस्ता करायचा, तो उखडला की पुन्हा करायचा, आणि दोन्ही वेळा नारळ फोडून फोटोत उभं राहायचं. दवाखान्यात येताना दोन धिप्पाड माणसं दाराशी उभी करायचा आणि सुई दिसली की डोळे मिटून आईला हाक मारायचा. हिरड्या कायम सुजलेल्या. बाईंनी दिलेला सल्ला म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण हा माणूस गोड बोलत नाही, एवढा एक गुण बाई त्याला देत.

दुसरा प्राध्यापक. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवता शिकवता तीन पक्ष फिरून आलेला, आणि दर वेळी तत्त्वासाठी बाहेर पडलेला. चौथ्या पक्षाने तिकीट दिल्यावर तत्त्वं जरा विसावली होती. 'स्वच्छ, सुशिक्षित, सज्जन' असे त्याचे फलक चौकाचौकात लागले होते, आणि तिन्ही शब्दांवर त्याचं हसू पसरलेलं होतं. त्या हसण्यातला समोरचा वरचा दात खोटा आहे हे फक्त बाईंना आणि त्याच्या बायकोला ठाऊक.

आणि तिसरे भाऊजी. चाळिशी कधीच उलटली होती, तरी फलकावर 'युवा नेतृत्व'. आधी व्यायामशाळा काढली, मग पाण्याच्या बाटल्यांचा कारखाना, मग मुलांचे शिकवणीवर्ग. हात लावीन त्याची माती. शेवटी ज्याला काहीच जमत नाही त्याला समाजसेवा जमते, तसं झालं. पक्षाने आधी ज्याला विचारलं त्याने नाही म्हटलं, दुसऱ्यावर खटला निघाला, म्हणून भाऊजींचा नंबर लागला. घरात मात्र पक्षाने हिरा हेरला, अशीच भाषा होती.

"उडदामाजी काळे-गोरे, निवडायचे तरी काय," असं बाई एकदा जेवताना बोलून गेल्या. त्यावर सासूबाईंनी ताटातून मान वर न करता उत्तर दिलं होतं, "दगडापेक्षा वीट मऊ. आणि वीट आपल्या घरची आहे." यजमान विमा कंपनीत होते, कुणाचीच बाजू न घेता जेवण संपवण्याची कला त्यांना साधलेली होती.

मतदानाला आठवडा राहिला तेव्हा व्यापारी संघाने तिन्ही उमेदवारांना एकाच व्यासपीठावर बोलवायचं ठरवलं. रविवार संध्याकाळ, नगर सभागृह. त्या रविवारी सकाळीच भाऊजी भावाच्या घरी येऊन बसले. बाईंचा दवाखाना खाली आणि घर वर. वरच्या दिवाणखान्यात भाऊजी भाषणाची तालीम करू लागले. भाषण कुणाकडून तरी लिहून आणलेलं होतं, हे पहिल्या ओळीतच कळत होतं, कारण त्यात कर्ता आणि क्रियापद दोन्ही होते. 'पारदर्शकता' आली की भाऊजींची गाडी रुळावरून घसरायची. सासूबाई दर परिच्छेदाला मान डोलावत होत्या. बाई चहाचा कप घेऊन खिडकीशी उभ्या होत्या आणि आपला चेहरा दिसू नये म्हणून बाहेर बघत होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. प्राध्यापकाची बायको इतक्या मोठ्याने बोलत होती की सगळं दिवाणखान्यात ऐकू जात होतं. सकाळी बदाम खाताना समोरच्या दाताची कॅप फुटली, दोन तुकडे हातात आले, आणि संध्याकाळी सभा. रविवार आहे हे माहीत आहे, पण डॉक्टर, काहीतरी करा. बाईंनी मागच्या दाराने यायला सांगितलं.

फोन ठेवला तेव्हा सगळ्यांचे कान टवकारलेले होते. भाऊजींचं भाषण हातातच राहिलं होतं.

भाऊजी आधी हसले. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो पडताना बाईंना स्पष्ट दिसला. दात चिकटवायचं सिमेंट संपलं म्हणून सांगा, असं त्यांनी सुचवलं. ते बाईंच्या चेहऱ्यावरून फेटाळलं गेलं, तसे ते जवळ सरकले. मग बसवा, पण जरा सैल बसवा. भाषणात ऐन रंगात निघून हातात आला पाहिजे. स्वच्छ, सुशिक्षित, सज्जन म्हणायला गेला की तीनही शब्दांना दात लागतो.

"वहिनी, तुम्हाला काही खोटं बोलायचंच नाहीये," भाऊजी म्हणाले. "फक्त जरा कमी मन लावून काम करायचं."

"ते तुमचं क्षेत्र, भाऊजी," बाई म्हणाल्या. "मला नाही जमायचं."

सासूबाईंनी तेव्हा तोंड उघडलं. घरचं माणूस उभं आहे, त्याच्यासाठी एवढंही होत नाही म्हणजे काय. सून घरात आली त्या दिवसापासून नाकाने कांदे सोलते आहे, आम्ही बोलत नाही म्हणून. यजमानांनी वर्तमानपत्राची घडी मोडून पुन्हा घातली. बाईंनी कप ठेवला, ॲप्रन घेतला आणि जिना उतरल्या. जिंकायची हाव त्या समजू शकत होत्या. पण दीर स्वतःच्या बळावर एक शब्द धड बोलू शकत नाही, आणि त्याचा सगळा डाव दुसऱ्याचा दात पडण्यावर उभा आहे, याची त्यांना किळस आली होती.

प्राध्यापक तोंडावर रुमाल धरून आला. फलकावरचा रुबाब पार उतरलेला. "थकाळीच झालं, डॉक्टर," असं म्हणाला आणि स्वतःचाच आवाज ऐकून गप्प बसला. बाईंनी त्याला खुर्चीत आडवं केलं. दाताचं मूळ शाबूत होतं, पण कॅप जोडण्याच्या पलीकडे गेली होती. पक्की कॅप यायला आठवडा लागणार होता. तोवर तात्पुरती हाताने घडवून बसवायची. त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली आणि शेजारच्या दाताचा रंग उजेडात नीट पाहून घेतला. चहाने पिवळसर झालेली कड, खाली एक बारीक रेघ. नव्या दातात त्यांनी तीही उतरवली. काम करताना त्यांना समोरचा माणूस दिसत नसे, फक्त काम दिसे. तेवढा वेळ त्यांना बरं वाटलं.

पण तोंडातून हात बाहेर निघाला की प्राध्यापक बोलू लागे. वर तुमचे दीर आले आहेत वाटतं? तयारी कशी काय? पाण्याच्या प्रश्नावर बोलणार आहेत का? बाई हातमोजे सारखे करू लागल्या, तर त्याने सूर बदलला. निवडून आलो तर आरोग्य समितीवर तुमच्यासारखी माणसं हवीत, डॉक्टर. बाईंनी त्याच्या तोंडात कापूस कोंबला. तो निघताना आरशात स्वतःकडे बराच वेळ बघत राहिला. एकदा मंद हसला, मग मोकळेपणाने हसला, मग नम्रपणे हसला. कडक काही चावू नका, असं बजावून बाईंनी दार लावून घेतलं.

संध्याकाळी सभागृह तुडुंब भरलं. उमेदवारांचे नातेवाईक पुढच्या रांगेत बसवले होते; सासूबाईंच्या आणि यजमानांच्या मधे बाई बसल्या. सकाळपासून सासूबाई त्यांच्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. चष्म्याच्या दुकानाचा मालक व्यापारी संघाचा अध्यक्ष होता, त्याने सूत्रं हाती घेतली.

कंत्राटदार पहिला उठला. कुठून कुठे किती रस्ता केला ते कागदावरून वाचलं, आणि बसला. बसल्यावर त्याचे डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत. मग भाऊजी. सुरुवात जोरात झाली, पण तिसऱ्या मिनिटाला पारदर्शकता आडवी आली. 'पादर्शरकता' असं काहीतरी बाहेर पडलं. मागून कुणीतरी खो-खो हसलं. भाऊजींनी तो शब्द पुन्हा धरला, पुन्हा सुटला, आणि उरलेलं भाषण त्यांनी मागे कुत्रं लागल्यासारखं वाचून संपवलं.

प्राध्यापक उभा राहिला. एकेक स घंटेसारखा वाजत होता. आपलं काम इतकं चोख झालेलं ऐकून बाईंना क्षणभर, नाही म्हणायला, समाधान वाटलं. ते फार टिकलं नाही. भाषणाच्या शेवटी तो जरा थांबला, आवाज खाली आणला आणि म्हणाला की उमेदवार कसा आहे हे त्याच्या घरच्यांना विचारावं. आज सकाळीच एका उमेदवाराच्या घरी मी जाऊन आलो. त्या घरातल्या एका सुविद्य, आदरणीय भगिनीने माझं मोठ्या आपुलकीने स्वागत केलं. अधिक काही मी सांगत नाही, सुज्ञास सांगणे न लगे.

सभागृहभर कुजबूज पसरली. माना पुढच्या रांगेकडे वळल्या. शहरात सुविद्य भगिनी असलेलं उमेदवाराचं घर एकच होतं. बाईंच्या कानशिलांना आग लागली. आणि गंमत अशी की त्यांना तोंड उघडता येत नव्हतं. हा माणूस आपल्याकडे कशासाठी आला होता, हे सांगायचं नाही हा त्यांच्या धंद्याचा पहिला नियम. इतक्या वर्षांत तो त्यांनी यजमानांपाशीही मोडला नव्हता. प्राध्यापकाला हे पक्कं माहीत होतं. किंबहुना त्याच भरवशावर तो बोलला होता.

भाऊजींना असला कुठला नियम नव्हता. ते ताडकन उठले आणि ध्वनिक्षेपक ओढून घेत म्हणाले की हा स्वागताला नव्हता आला, याचा दात पडला होता. समोरचा. खोटा आहे तो.

लोक हसले, पण कुणावर हसायचं हे अजून ठरलं नव्हतं. प्राध्यापक मुळीच डगमगला नाही. त्याने मान उंचावली, दिव्याकडे तोंड केलं आणि सगळ्या सभागृहाला दात दाखवले. पुढच्या रांगेतले लोक वाकून वाकून बघू लागले. पिवळसर कड, बारीक रेघ, सगळं जिथल्या तिथे. यातला खोटा कोणता ते ओळखून दाखवा, असं तो म्हणाला आणि टाळ्या पडल्या. आपल्याच हातची कारागिरी आपल्याच घराला तोंडघशी पाडताना बाई बघत राहिल्या.

मग चष्मेवाल्या अध्यक्षाला मोह आवरला नाही. त्याने खाली पाहून विचारलं, "डॉक्टरीणबाई इथेच आहेत. त्यांनीच सांगावं. काय खरं आहे?"

मागचे लोक खुर्च्यांवरून उठून बघू लागले. कंत्राटदाराचेही डोळे उघडले. बाई उभ्या राहिल्या. नुसतं 'मला यात ओढू नका' म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते वाक्य त्यांच्या जिभेवर होतंही. पण त्यांनी व्यासपीठाकडे पाहिलं. एकाचा नम्र हसरा चेहरा, दुसऱ्याचा घामेजलेला, तिसऱ्याचा झोपाळलेला. आणि त्या अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या,

"माझ्याकडे उपचाराला येणाऱ्यांबद्दल मी चारचौघांत बोलत नाही."

एक क्षण गेला. मग मागच्या रांगेतून हसू सुरू झालं आणि लाटेसारखं पुढे आलं. प्राध्यापकाने पटकन ओठ मिटले, आणि ओठ मिटले म्हणून लोक आणखी हसले. भाऊजी टेबलावर थापा मारत होते. सासूबाईंनी सकाळपासून पहिल्यांदाच सुनेकडे मान वळवली आणि तिच्या हातावर हात ठेवला. बाईंनी आपला हात हळूच काढून घेतला.

परतताना भाऊजी गाडी चालवत होते. आता निकाल आपल्याच खिशात, असं ते निदान तीनदा म्हणाले. मग आरशातून मागे बघत, मनापासून कौतुक करावं तसं म्हणाले, "वहिनी, तुम्ही तर मुरलेल्या निघालात. काही न सांगता सगळं सांगितलंत. आम्हाला जन्मात नाही जमणार."

या माणसाने आयुष्यात केलेलं हे एकच अचूक निरीक्षण असावं. बाईंनी गाडी थांबवायला सांगितली. दवाखान्यासाठी औषध घ्यायचं आहे असं काहीसं पुटपुटून त्या उतरल्या. यजमानही काही न विचारता उतरले. दोघं चालत घरी आली. वाटेत कंत्राटदाराचा नवा रस्ता लागला. त्याची खडी आताच सुटायला लागली होती.

निवडून कंत्राटदारच आला, आणि चांगल्या फरकाने आला. त्या सभेत तो जवळजवळ झोपूनच होता, त्यामुळे त्याचं हसं झालं नव्हतं. लोकांनी एवढ्यावर समाधान मानलं. प्राध्यापक दुसरा आला आणि पराभवाच्या दुसऱ्याच दिवशी पाचव्या पक्षाशी त्याची तत्त्वांवर बोलणी सुरू झाल्याचं कानावर आलं. पक्की कॅप बसवायला तो बाईंकडे आला नाही. त्याला दोष देता येत नव्हता. त्याने दुसरीकडे बसवून घेतली, ती इतकी पांढरी होती की रस्त्यापलीकडून ओळखू यायची.

भाऊजी तिसरे आले. पंधरा दिवस त्यांनी मतदारांना शिव्या दिल्या, आणि महिन्याच्या आत ते कंत्राटदाराच्या गाडीत पुढच्या सीटवर दिसू लागले. संघटनेचं काम बघतो, असं ते सांगत. सासूबाई आता रस्त्यांबद्दल चांगलं बोलू लागल्या होत्या. एकदा जेवताना भाऊजींनी कंत्राटदाराच्या दूरदृष्टीचं वर्णन सुरू केलं तेव्हा बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पूर्वी त्या अशा वेळी काहीतरी टाकून बोलत आणि दिवसभर स्वतःवर खूश असत. या वेळी बोलल्या नाहीत. तोंडाशी आलेलं सगळं त्यांना उष्टं वाटलं.

भाऊजी गेल्यावर यजमानांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. त्यांच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट होती.

"सभागृहात ते तू मुद्दाम बोललीस ना?" त्यांनी विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या.

"मला तेव्हाच वाटलं होतं. बरं वाटलं होतं का तुला?"

बाईंनी खरं उत्तर द्यायचं म्हणून थोडा विचार केला.

"बोलताना वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "खाली बसेपर्यंत संपलं."