स्वच्छतागृहाची किल्ली

माझ्या नातीला, समीक्षाला, पुन्हा लघवीचा त्रास झाला तेव्हा कान्हे गावच्या डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "शाळेत पाणी पितेस का गं?"

"न्हाई. प्यालं की लागती. आन् तितं कुलूप असतंय."

टाकवे गावाच्या पुढे आमची वाडी. तिथल्या शाळेला नवं स्वच्छतागृह मिळालं, आत पांढऱ्याशुभ्र फरश्या. घाण होऊ नये म्हणून ते बंदच ठेवत. तपासणीला साहेब आले की उघडत. वाडीलाही त्याचा अभिमान होता. मुलगे झुडपांमागे जात, मुली घरी येईपर्यंत कळ काढत. असंच चाललं तर मूत्रपिंडाला धोका आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शाळेत बोलायला हवं होतं. पण माझं आयुष्य लोणावळ्याच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेलेलं. चारचौघांत तोंड उघडायची सवय नाही. वाक्यं पाठ करून मधल्या सुट्टीत गेलो. मुख्याध्यापिका ज्योत्स्नाबाई खिचडी चाखून बघत होत्या.

"या आबा, काय काम काढलंत?"

पाठ केलेलं सगळं विसरलो. तोंडातून निघालं, "मला... जरा लघवीला जायचं होतं."

खिचडी वाढणाऱ्या बयाबाईंनी पदर तोंडाला लावला. "झाडामागं जावा की आबा, कोण बगतंय!"

"समीक्षा तशी जात नाही हो. म्हणून ती पाणीच पीत नाही. सारखी आजारी पडते."

ज्योत्स्नाबाईंनी हातातली खिचडी खाली ठेवली. वाटलं, आता चिडतील. त्यांनी कपाटातून किल्ली आणली. गंजलेल्या कुलपात खोबरेल सोडलं, तेव्हा कुठे ते उघडलं.

"आधी तुम्ही जा, आबा."

लाजेनं म्हणा, वयानं म्हणा, मला आत वेळ लागला. बाहेरून बयाबाई ओरडल्या, "आबा, दाराशी भरल्याली बादली ठिवलीया, साबण बी हाय! बाई, आता वापरलंच हाय तर ऱ्हाऊ द्या उघडं. मी धूत जाईन."

"एकट्या कशाला? पाळ्या लावू. पहिली माझी," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

मी आतल्या आतच दोघींचे आभार मानले. समोर जमलं नसतं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. "आबा, आवरा की! लय लागलीया!"

दार उघडलं. पोरींची रांग थेट व्हरांड्यापर्यंत गेली होती आणि सगळ्यांत पुढे समीक्षा. माझ्या बगलेतून ती आत घुसली आणि तिनं धाडकन कडी लावली.