सातवा बार

लवू पाष्टे हा माणूस मुळात कुणाचं ऐकून घेणाऱ्यांतला नव्हे. त्यात डावा कान सुरुंगांनी कधीच खाल्लेला, त्यामुळे न ऐकायला कायमची सबब हाताशी. पण सुनेचं मात्र तो ऐकायचा, आणि तेही उजवा कान पुढे करून. योगिनी घाटावरची, कराडकडची. निलेशशी लग्न करून आली तेव्हा ती बावीला विहीर म्हणते म्हणून वाडीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. आता त्याच बायकांची पोरं तिच्याकडे हायस्कुलात विज्ञान शिकत होती. निलेश जहाजावर, सहा-सहा महिने घराबाहेर. लवू सुनेला 'बाय' म्हणायचा. स्वतःच्या मुलाला त्यानं इतक्या मायेनं कधी हाक मारल्याचं कुणाला आठवत नाही.

तर या योगिनीला गावच्या वाचनालयानं व्याख्यानाला बोलावलं. बोलावलं म्हणजे काय, बोलावणं लवूनं काढलं. मंडळींच्या मनात रत्नागिरीतले कुणी निवृत्त गृहस्थ होते. लवू सलग तीन दिवस वाचनालयात जाऊन एकच वर्तमानपत्र धरून बसला, वाचता वाचता मोठमोठ्यानं खाकरत राहिला, आणि चौथ्या दिवशी चिटणीस म्हणाले, "बरं बाबा, तुझी सून तर तुझी सून." विषय ठरला विश्वाचा जन्म. वेळ शनिवारी संध्याकाळी पाचची.

गुरुवारी दुपारी ओटीवर तालीम सुरू झाली. श्रोते दोन. एक लवू, दुसरी त्याची बायको गंगुबाई. ती नवऱ्याच्या लेंग्यात नवं इलॅस्टिक ओवत बसली होती, त्यामुळे खरा श्रोता एकच.

"सुमारे तेराशे ऐंशी कोटी वर्षांपूर्वी," योगिनीनं सुरुवात केली, "महास्फोट झाला."

"थांब," लवू म्हणाला. "भोक कुठं मारलं व्हतं?"

"कसलं भोक?"

"सुरुंगाचं. अगो, उगाच कसा उडंल? भोक मारावं लागतं, दारू ठासावी लागते, वात लावावी लागते. आनि वात लावनारा बाहेर लागतो. तो कुठं उभा व्हता?"

योगिनीला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. सासऱ्यानं पंधरा वर्षं बावींत सुरुंग लावले होते, हे तिला ठाऊक होतं. गुहागरपासून चिपळूणपर्यंत पाष्टे बंधूंच्या हातच्या बावी अजून पाणी देत होत्या. मग एका बावीत लवूच्या थोरल्या भावाचे, दीपकचे, डोळे गेले आणि तो धंदा बंद झाला, एवढंही तिला ठाऊक होतं. त्यापुढचं या घरात कुणी बोलत नसे.

"बाबा, नाव महास्फोट आहे, पण तो तुमच्या बारासारखा नव्हता. त्याला बाहेर नव्हतंच. जागा, वेळ, सगळं त्यातच होतं. बाहेर उभं राहायला जागाच नाही."

"मंग मधला खड्डा? दगड उडाले तर कुठून उडाले ता समजायला नको?"

"खड्डाही नाही. मध्यच नाही."

"शेंडा नाय, बुडखा नाय, आनि म्हने व्याख्यान," लवू म्हणाला. "बाय, हितं प्रत्येक घरात बाव हाय. सुरुंग बघितला नाय असा एक मानूस गावात सापडायचा नाय. तुला हेच इचारतील."

योगिनीनं इकडेतिकडे बघितलं आणि सरळ सासूच्या हातातलं इलॅस्टिक ओढून घेतलं. गंगुबाई "अगो, अगो" करीपर्यंत पेनानं त्यावर ओळीनं पाच टिंबं काढून झाली. एक टोक तिनं लवूच्या हातात दिलं, दुसरं आपण धरलं आणि ताणलं. टिंबं एकमेकांपासून लांब लांब गेली.

"आता तुम्ही या टिंबावर बसला आहात. काय दिसतं?"

"बाकीची पळतायत. लांबचं जास्त पळतंय."

"म्हणजे मध्ये कोण?"

"मीच," लवू म्हणाला. ते उत्तर त्याला एरवीही पटण्यासारखं होतं.

"आणि पलीकडच्या टिंबावर मोठे बाबा बसले तर?"

लवूनं इलॅस्टिकाकडे जरा वेळ बघितलं. "दादालाबी वाटंल, मीच मधी."

"हेच. टिंबं कुठं उडत नाहीत. त्यांच्यामधली जागाच ताणली जाते. फक्त विश्वाला अशी दोन टोकं नाहीत. निदान कुणाला सापडलेली नाहीत."

लवूला हे भलतंच आवडलं. त्यानं ते इलॅस्टिक चार वेळा ताणलं, पाचव्यांदा ते सुटून फटकन त्याच्याच बोटांवर बसलं, आणि गंगुबाई म्हणाली की विश्वाचं काय ते शनिवारी बघा, लेंगा मला आज पुरा करायचा आहे. असं सगळं हसतखेळत चाललं होतं. मग योगिनीनं पुढचा कागद घेतला.

"हे सगळं कशावरून? तर त्या सुरुवातीचा पडसाद अजून येतो आहे. पृथ्वीवर कुठंही यंत्र लावा, आकाशाच्या चारी बाजूंनी सारखा येतो. साठेक वर्षांपूर्वी दोघांनी तो पहिल्यांदा ऐकला. त्यांना वाटलं, यंत्रच बिघडलं. यंत्राच्या कर्ण्यात कबुतरांनी घाण केली होती, ती धुऊन काढली, तरी आवाज जाईना. त्यांनी ऐकलं होतं ते बरोबर, पण तो कशाचा आवाज आहे, ते त्यांना..."

"ता गाळ," लवू म्हणाला.

"काय?"

"पडसादाचं गाळून टाक. बाकी झ्याक हाय." आणि तो उठून मागीलदारी गेला.

गंगुबाईनं लेंग्यातून मान वर केली नाही. योगिनी थोडा वेळ थांबली, मग मागीलदारी गेली. लवू माडाच्या आळ्याशी उगाच काटक्या मोडत बसला होता.

"बाबा, तुम्ही सांगत असाल तर व्याख्यानच नको. पण पुरावा गाळून मी बोलणार नाही."

"व्याख्यान व्हायलाच पायजे," तो घाईनं म्हणाला. मग काटक्या टाकून दिल्या. आणि एकोणतीस वर्षांत बायकोखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं, ते त्यानं सुनेला सांगितलं.

चिपळूणकडची बाव. समोर उभा डोंगर. सात भोकं भरलेली. वाती पेटवून दोघं भाऊ वर आले, "बार हाय होऽऽ" म्हणून तीनदा ओरडले आणि आडोशाला बसून मोजू लागले. बावीच्या कामात मोजणीवर सगळं असतं. सात भरले तर सात ऐकू यायला हवेत, एक कमी आला तर दुसऱ्या दिवसापर्यंत खाली पाय ठेवायचा नाही. लवूनं सात मोजले. दादा खाली उतरला, आणि पहारीचा टोला न उडालेल्या सुरुंगावर बसला.

"सहाच उडाले व्हते, बाय. सातवा म्हंजे सहाव्याचाच आवाज, डोंगरावरून परत आला. पडसाद. तो मी मोजला, आनि दादाला म्हटलं, सात." त्यानं पुन्हा एक काटकी उचलून मोडली. "त्याचे डोळे मी घेतले. त्याला म्हायती नाय. त्याला वाटतं, नशीब. आनि आता तू सगळ्यांसमोर सांगनार, पडसाद ऐकला नि लोकांना कळला नाय कशाचा ता. माझ्या शेजारी बसून ऐकनार तो."

योगिनी त्याच्याजवळ मातीतच बसली. तिला सासऱ्याची फार माया आली. "मोठ्या बाबांना सांगा," एवढंच ती म्हणाली.

"आता? एकोनतीस वर्षांनी?"

तिनं आग्रह केला नाही. चांगल्या सुना नेमकं कुठं थांबायचं ते ओळखतात.

शुक्रवारी लवू सांगायला म्हणून गेलाच. दीपकचं घर कुंपणापलीकडे. दीपक आणि चिमावहिनी पडवीत बसली होती. लवू तासभर बसला, कोकमाचं सरबत प्याला, माडावरच्या उंदरांबद्दल भरपूर बोलला आणि परत आला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं. दादानं नुसतं "काय रे, आज नुसतं उंदीरच?" विचारलं, तर हा घाईघाईनं उठलाच.

शनिवारी वाचनालयाची खोली भरली. पहिल्या रांगेत दोघं भाऊ. योगिनी पहिली पाच मिनिटं अडखळली, मग सुटली. भोक कुठं मारलं हा प्रश्न खरोखरच आला, आणि तिनं पिशवीतून इलॅस्टिकची गुंडाळी काढली तेव्हा टाळ्या पडल्या. लवू मागं वळून चिटणिसांकडे बघत होता, पण दर मिनिटाला तो कागद जवळ येतोय हेही त्याला कळत होतं.

तो आला. योगिनीनं सासऱ्याकडे बघितलं. लवूनं मान खाली घातली, आणि मग वर करून हलवली. बोल, बाय.

ती बोलली. सगळं सांगितलं, कबुतरांसकट. "खरं म्हणजे हा आवाज नाही," ती शेवटी म्हणाली, "तेव्हाचा उजेडच आहे. ताणून ताणून इतका मंद झालाय की कुणाच्याच डोळ्यांना दिसत नाही. जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या ना, त्यातली शंभरात एखादी मुंगी त्याची."

"म्हंजे ह्या बाबतीत मी आनि तुमी सारखेच," दीपक मोठ्यानं म्हणाला. खोली हसली. स्वतः दीपक सगळ्यांत जास्त हसला. शेजारी बसलेल्या लवूच्या डोळ्यांना मात्र धार लागली, आणि ती पुसायची कशाला, भाऊ थोडाच बघणार होता, हे आठवून त्याला आणखीच रडू आलं.

परतताना दीपकचा हात नेहमीसारखा लवूच्या खांद्यावर. पुढे लवू, मागे दीपक, एकोणतीस वर्षं ही जोडी अशीच चालत आलेली. मागून बायका योगिनीला मध्ये घेऊन येत होत्या. वहाळावरच्या साकवापाशी, त्या अरुंद पुलाच्या तोंडाशी, लवू थांबला.

"दादा, त्या दिवशी सहाच उडाले व्हते. सातवा डोंगराचा पडसाद. मी तुला सात म्हटलं."

खांद्यावरचा हात हलला नाही. खाली वहाळाचं पाणी वाजत होतं.

"तू कुठं म्हटलंस?" दीपक म्हणाला. "मी म्हटलं, सात झाले ना? तू नुसता हां म्हनालास."

"नाय दादा..."

"मला सांगतोस? मीच मोजला पडसाद. डोंगर समोर हाय, ता मला कळायला नको व्हतं? थोरला मी. तुला हां म्हनायला लावलं मी. मंग तू धंदा सोडलास, लोकांच्या बागांत मजुरी केलीस, निलेशच्या शिक्षनासाठी पैसं गोळा करता करता म्हातारा झालास. मला वाटायचं, माझ्या चुकीपायी तू हातातली कला टाकलीस. तुला कसं सांगू? तुझ्या खांद्यावर हात ठेवून चालायचं, आनि तुलाच सांगायचं, की तुझं वाटोळं मी केलं?"

लवू वळला आणि भावाचा चेहरा बघत राहिला. ह्या चेहऱ्याकडे सरळ बघायचं त्यानं इतकी वर्षं टाळलं होतं. दीपकच्या मिटलेल्या पापण्यांखालून पाणी येत होतं, आणि ओठ मात्र हसायला लागले होते.

"म्हंजे दोघांनी एकच पडसाद मोजला," दीपक म्हणाला.

"व्हय."

"गाढवा, मला एकदा इचारायचं तरी."

"तू तरी कुठं इचारलंस?" लवू म्हणाला.

मागून बायका येऊन पोचल्या तेव्हा दोघं साकवाच्या कठड्याला टेकून रडत होते आणि हसत होते. चिमावहिनी घाबरून पुढे झाली, पण योगिनीनं तिचा हात धरून तिला थांबवलं.