बाइंडरच्या घरची शिकारीण

मित्रांनो, मी एक म्हातारी, करडी मांजर आहे. मला आळशी म्हणा, चोरटी म्हणा, डोळे मिटून दूध पिणारी म्हणा. ते सारे खरे आहे. फक्त 'दुष्ट' म्हणू नका. तो शब्द मी या घरात पुरेसा ऐकला आहे. तो मला कसा चिकटला, तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका लाकडाच्या वखारीत झाला. आई आम्हा भावंडांसाठी अर्धमेला उंदीर धरून आणी, आमच्यापुढे सोडी आणि स्वतः बाजूला बसून राही. तो निसटला तर पुन्हा धरून आणी. वखारीचा राखणदार तिला रोज दूध घाली, तरी तिची शिकार काही थांबली नाही. मला वाटायचे, पोट भरलेले असताना ही दमते कशाला? पुढे उमगले की भूक पोटात असते, पण शिकार कानांत, मिशांत आणि पंजांत असते. पोट भरले म्हणून कान बंद होत नाहीत.

मी हातभर झाले तेव्हा एक बाइंडर वखारीत फळ्या घ्यायला आला. पुस्तके शिवून, चिकटवून, त्यांना पुठ्ठा आणि कापड चढवण्याचा त्याचा धंदा. पुस्तके चिकटवायला तो मैद्याची खळ शिजवी, आणि उंदरांना ती खळ म्हणजे मेजवानी. पुस्तकांच्या पाठी कुरतडून ते त्याच्या नाकी नऊ आणत होते. त्याने मला मानेला धरून उचलले, माझे पंजे दाबून पाहिले आणि फळ्यांबरोबर मलाही घरी नेले.

खाली कारखाना, वर बिऱ्हाड, आणि मध्ये एक उभा लाकडी जिना. कापण्याच्या यंत्राखाली कागदाच्या कातरणीचा ढीग असे, तोच माझा बिछाना. पहिल्याच आठवड्यात मी खळीच्या पातेल्यामागे एक दांडगा उंदीर धरला आणि बाइंडरच्या चपलेजवळ नेऊन ठेवला. तो हातातली सुई सोडून ओरडला, "अगं, खाली ये! आपल्या फौजदारीणबाईंनी पहिला चोर पकडला!"

मालकीणबाई जिन्यावरूनच म्हणाल्या, "चोर ठेवा तुमच्यापाशी. तिला दूध देते मी."

तेव्हापासून माझे नाव फौजदारीण पडले. गिऱ्हाईक आले की बाइंडर त्याला माझ्या गोष्टी सांगे. एकदा मी शिकार चुकून एका नव्या कोऱ्या पुस्तकावर ठेवली आणि डाग पडला. तरी तो हसत म्हणाला, "उंदराला मांजर साक्ष म्हणतात, ती ही अशी. सही करून गेली!" घरातली मुलगी, तिला सगळे ठकी म्हणत, मला पाटीवरच्या अक्षरांसारखी गिरवत असे: नाकापासून शेपटीपर्यंत एक बोट. ती वर्षे फार सुखाची होती. मी जे होते, त्याचेच कौतुक होत होते.

मग बाइंडरची थोरली बहीण राहायला आली. ती बरीच वर्षे इस्पितळात परिचारिका होती. आता गुडघे गेले होते, एकटीने राहणे जमत नव्हते. बाइंडर तिला आक्का म्हणे, ठकी आत्या म्हणे. तिला वरची सज्जाची खोली दिली. ती सज्जात पाण्याचे भांडे ठेवी, पावाचा चुरा टाकी, आणि चिमण्यांशी अशी बोले की जणू त्या वॉर्डातले पेशंट होते.

एक दिवस वळचणीतून चिमणीचे एक पिल्लू खाली पडले. अंगावर पीस नाही, नुसती चोच. आत्याने त्याला कापसात ठेवले आणि काडीच्या टोकाने भिजवलेल्या पावाचे कण भरवले. सगळे म्हणाले जगणार नाही. आत्या म्हणाली, "मी असं बऱ्याच जणांबद्दल ऐकलंय." पिल्लू जगले. त्याचे नाव चिंगी. ती आत्याच्या खांद्यावर बसे, तिच्या चष्म्याच्या काडीला चोच मारी. ती आल्यापासून आत्या जेवू लागली, हसू लागली. हे मी बंद दाराच्या फटीतून ऐकत असे. चिंगीचा आवाज अगदी बारीक असे, पण माझ्या कानांना तो जिन्याच्या तळाशीही पुरे.

मालकीणबाई म्हणत, "वन्सं, दाराला कडी घाला बरं. आमच्या फौजदारीणबाईंचा भरवसा नाही." सज्जाला आणि दाराला जाळी बसवू, असेही बोलणे झाले. बाइंडर म्हणाला, "बसवू की, येत्या रविवारी." रविवार येत राहिले.

एका दुपारी आत्याने ठकीला हाक मारली. चिंगी आता पंख पसरून खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला जाते, ते दाखवायचे होते. ठकी धावत वर गेली. दार तसेच उघडे राहिले. मी तिच्या मागोमाग जिना चढले होते. चिंगी कपाटावरून निघाली, मध्येच दमली आणि जमिनीवर उतरून फडफडली.

मित्रांनो, मी काहीही ठरवले नाही. फडफड कानात शिरली, शेपटीचे टोक हलले, आणि पुढचे मला कळले तेव्हा तोंडात पिसे होती. ठकी किंचाळली. आणि मी काय केले असेल? जे नेहमी करत होते तेच. मी ती शिकार आत्याच्या चपलेजवळ नेऊन ठेवली आणि वर पाहिले. मला वाटले, आता ही मालकीणबाईंना हाक मारील.

आत्याने उचललेल्या झाडूचा दांडा माझ्या पाठीवर पडला. मग पुन्हा एकदा. मी जिन्यावरून गडगडत खाली आले.

"दुष्ट आहे मेली!" आत्या रडत होती. "तिला काय कमी होतं रे? बशीभर दूध पिऊन आली होती! भुकेली असती तर मी समजले असते."

"आक्का, मांजर आहे ते. गोगलगाय नाही," बाइंडर म्हणाला.

"मग ठेव तुझं मांजर. मी जाते."

"कुठे जाशील अशा गुडघ्यांनी?"

"जित्याची खोड आहे ही, मेल्याशिवाय जायची नाही. आज चिंगी, उद्या सज्जातल्या सगळ्या."

शेवटी मालकीणबाईंनी तोडगा काढला. मला हाकलायचे नाही, पण गळ्यात घुंगरू बांधायचे. "मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण, ते उंदरांना सुटलं नव्हतं," बाइंडर म्हणाला, "आपल्याकडे ठकी आहे." कोणी हसले नाही. ठकीने लाल फीत ओवली आणि माझ्या गळ्यात बांधली. त्यानंतर तिने मला गिरवले नाही.

आमच्या शेजारी स्कूटर दुरुस्तीचे दुकान होते. तिथल्या मिस्तरीचा एक कुत्रा होता. त्याने कधी घूस मारली की मिस्तरी त्याच्या पाठीवर थाप देई आणि अख्खा पाव खायला घाली. त्याच कुत्र्याने एकदा मागच्या घरातला पाळीव ससा मारला. मिस्तरीने त्याला मार मार मारले आणि लोखंडी खांबाला बांधले. घूस आणि ससा यांतला फरक त्याला कोणी कधी समजावला होता? त्यालाही माझ्यासारखेच पळणारे दिसले होते. तो अजून बांधलेलाच आहे.

घुंगरामुळे सज्जातल्या चिमण्या वाचल्या, हे मी कबूल करते. पण उंदीरही वाचले. मी पाऊल उचलले की छुन् वाजे आणि पातेल्यामागची खुडबुड थांबे. मी दूर गेले की पुन्हा सुरू होई. पुढे पुढे तर ते माझ्यासमोरून जात. ज्या बाइंडरने मला फौजदारीण केले, तोच म्हणू लागला, "नुसती ऐतखाऊ झालीय. दूध प्यायचं आणि घुंगरू वाजवायचं!" फीत मी बांधली नव्हती, मित्रांनो. पण मांजराला असे बोलता येत नाही.

त्याच सुमारास मला पिल्ले झाली. त्यांतली तीन पिल्ले लोकांनी नेली, एक उरले. पिवळसर, पुढचा एक पाय पांढरा. ठकीने त्याला बोक्या म्हटले. त्याने डोळे उघडण्यापूर्वीच माझे घुंगरू ओळखले होते; ते वाजले की तोंड वर करून दूध शोधी. त्याला शिकार शिकवायची माझी फार इच्छा होती. माझ्या आईने मला शिकवली होती तशी. पण अर्धमेला उंदीर आणायला आधी उंदीर सापडावा लागतो. मी रिकाम्या तोंडाने परत येई आणि तो माझ्या शेपटीवरच उड्या मारी.

मग एका वाचनालयाच्या जुन्या ग्रंथांचे मोठे काम आले. बाइंडरने जीव ओतून ते शिवले, पाठी चिकटवल्या आणि दाबाच्या यंत्रात ठेवले. सकाळी दाब उघडला तर पाठी कुरतडलेल्या. तो डोके धरून खाली बसला. संध्याकाळी त्याने उंदीर मारायच्या निळ्या वड्यांचे पाकीट आणले.

"अहो, आणि मांजरं?" मालकीणबाईंनी विचारले.

"ती कशाला खातील वड्या? त्यांना दूध आहे की."

हे खरेच होते. वड्या आम्ही हुंगल्यासुद्धा नाहीत.

काही दिवसांनी भर उजेडात एक उंदीर कारखान्याच्या मधोमध आला. झिंगल्यासारखा, भिंतीला धरून चालणारा. मी उठले, घुंगरू वाजले, तरी तो पळाला नाही. बोक्या माझ्या बाजूने झेपावला आणि पहिल्याच उडीत त्याने तो धरला. मी जागची हलले नाही. त्याची पहिली शिकार होती. तिच्यात तोंड घालणे आईला शोभत नाही. मी बाजूला बसून पाहिले, माझी आई बसे तशी.

बाइंडरही खूश झाला. "आईपेक्षा लेक सवाई निघाला! बघा, औषध आणि बोका, दोघेही कामाला लागले!" त्या आठवड्यात बोक्याने असे बरेच संथ उंदीर धरले आणि खाल्ले. दर वेळी त्याला शाबासकी मिळाली. बऱ्याच दिवसांनी या घरात मांजराचे कौतुक होत होते.

मग त्याने दूध सोडले. कातरणीत पडून राहू लागला. हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आले. ठकी त्याला टॉवेलात गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, बाइंडर सोबत होता. परतल्यावर ठकीने त्याला कातरणीत माझ्याजवळ ठेवले. मालकीणबाईंनी पुन्हा पुन्हा विचारले तेव्हा बाइंडर म्हणाला, "डॉक्टरांनी विचारलं, घरात उंदरांचं औषध ठेवलंय का. म्हणाले, ज्या उंदरांनी ते खाल्लं, ते यानं खाल्ले. इंजेक्शन दिलंय, पण आणायला उशीर झाला म्हणाले."

बोक्या माझ्या पोटाशी पडून होता. मी त्याला चाटत होते. त्याचे कान माझ्या घुंगराकडे वळत होते, मग वळेनासे झाले.

त्या दिवशी आत्या कष्टाने जिना उतरून खाली आली. घरात मोठे भांडण झाले.

"तू विष आणलंस," आत्या म्हणाली.

"घुंगरू कुणाच्या हट्टामुळे बांधलं?" बाइंडर ओरडला. "उंदीर उगाच माजले का?"

"जाळी तुम्ही बसवणार होतात, रविवारी," मालकीणबाई म्हणाल्या.

"दार मीच उघडं ठेवलं होतं," ठकी म्हणाली.

त्या दिवशी कोणी मला दुष्ट म्हटले नाही. पण कोणी माझ्याकडे पाहिलेही नाही. बोक्याला मागच्या कुंपणापाशी पुरले.

निळ्या वड्या फेकल्या गेल्या. आत्याने स्वतः कात्री घेऊन माझी फीत कापली. सज्जाला आणि दाराला जाळी बसली. बाइंडरला त्यासाठी एक दुपार पुरली. फक्त एक दुपार, मित्रांनो! मग मला पातेल्याजवळ सोडून तो म्हणाला, "चला, फौजदारीणबाई, लागा कामाला." गरज सरली की वैद्य मरतो म्हणतात, पण गरज पुन्हा उगवली की त्याला तिरडीवरूनही बोलावणे येते. मी कामाला लागले. उंदीर धरते, पण चपलेजवळ नेऊन ठेवत नाही.

मित्रांनो, तुम्ही आम्हाला घरात आणता तेव्हा आमचे दातही सोबत येतात. ते तुमच्या सोयीपुरते धारदार आणि तुमच्या लाडक्यांपुरते बोथट होत नाहीत. म्हणून आधी जाळी लावा, दाराला कडी घाला, आमच्या पंजांना चिंधीचा चेंडू द्या. जिथे मांजर फिरते तिथे विष ठेवू नका. आणि एवढे करूनही आमच्या हातून पाखरू मेलेच, तर रडा, पण झाडू उचलण्यापूर्वी आम्हाला शाबासकी कशासाठी दिली होती, ते आठवा.

काल ठकीने एक नवे पिल्लू आणले. काळे, मुठीएवढे. मालकीणबाईंनी ते माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "शिकव गं हिला." आज सकाळी भिंतीवर एक पतंग बसला होता. पिल्लू दबकले, त्याची शेपटी हलली, त्याने उडी मारली आणि पतंग खाली पाडला. सारे घर गोळा झाले. आत्याही हसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पिल्लाने पतंग तोंडात धरून मोठ्या आशेने त्यांच्याकडे पाहिले.

मी मात्र तोंड फिरवून घेतले.