खुळखुळणाऱ्या फुटबॉलची अस्वस्थ कहाणी

मित्रांनो, मी एक जुना फुटबॉल आहे, पण तुम्ही मैदानात लाथाडता तसला नव्हे. माझ्या कातड्याच्या आत छर्रे भरलेल्या चपट्या डब्या शिवलेल्या आहेत. मी जरा घरंगळलो की खुळखुळतो. ज्यांना दिसत नाही ते खेळाडू त्या आवाजाच्या मागावर धावतात. कारखान्यातून कॅनडापर्यंत मी खोक्यात खुळखुळतच आलो. शेजारच्या सामानाला माझा वैताग आला असेल.

ग्वेल्फ शहरात मी ईशिताच्या हाती पडलो. ती विद्यापीठात मातीचा अभ्यास करते. लहानपणीच तिची दृष्टी गेली. ती कॅनडाच्या अंध महिला फुटबॉल संघात खेळायची आणि तिची आई मृणालिनी त्या संघाची मार्गदर्शक होती. समोरच्या गोलमागे उभे राहून दिशा सांगणे हे तिचे काम. ती मराठीतून ओरडायची, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना काही कळत नसे. संघातल्या साऱ्या मुली तीन शब्द शिकल्या होत्या : डावी, उजवी, मार.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. ईशिता मला पायात खेळवायची तेव्हा प्रेक्षक श्वास रोखून गप्प बसत, कारण गलका झाला तर मी ऐकू कसा येणार?

मग हिवाळा आला. शेवटच्या सरावानंतर मृणालिनीने मला गाडीच्या ट्रंकमध्ये, म्हणजे डिकीत, टाकले आणि मी तिथेच राहिलो. कडाक्याची थंडी, मग थोडी ऊब, पुन्हा थंडी. आतली शिवण सैल होत चालली होती. मला ते जाणवत होते, पण सांगायला तोंड नव्हते. दर वळणावर मी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात आपटत होतो आणि मनातल्या मनात म्हणत होतो, आता तरी कोणी मला आत न्या.

वसंतात लंडनला स्पर्धा भरली. आपल्या ओंटारिओ प्रांतातले लंडन बरे का. कॅनडा, अमेरिका आणि मेक्सिको या तीन शेजाऱ्यांच्या अंध महिला संघांची ही पहिलीच स्पर्धा होती. अंतिम सामना आमचा, म्हणजे कॅनडाचा, आणि अमेरिकेचा. दोन्ही संघांनी चेंडू हलवून पाहिले आणि मलाच निवडले. माझा आवाज म्हणे सगळ्यांत खणखणीत होता. मी मात्र धास्तावलो होतो.

सामना संपत आला तरी गोल झाला नव्हता. तेवढ्यात कोणाच्या तरी जोरदार लाथेने मी कडेच्या फळीवर आदळलो. आतली शिवण उसवली, डब्या एकावर एक कोसळल्या आणि माझा आवाज बसला. घरंगळत मी ईशिताच्या पायाशी आलो.

समोर अमेरिकेची टेरेसा उभी होती. चेंडू घ्यायला येणारीने “वॉय” असे ओरडायचे, म्हणजे टक्कर होत नाही, असा नियम आहे. टेरेसा ओरडली नाही. ती नुसती मान इकडेतिकडे वळवत मला शोधत पुढे सरकत होती.

“उजवी, ईशिता, उजवी,” गोलमागून मृणालिनी म्हणाली. “मार.”

ईशिताने पाय उचलला. टेरेसाचे बूट अगदी जवळ वाजले. ईशिताने तो पाय माझ्यावर दाबून ठेवला आणि हात वर केला.

“रेफ, आय कान्ट हिअर द बॉल.”

खेळ थांबला. माझ्या जागी दुसरा चेंडू आला. शेवटच्या मिनिटांत अमेरिकेने गोल केला आणि आपण हरलो.

परतताना गाडीत मृणालिनी म्हणाली, “मी मार म्हणाले होते ना गं?”

“आई, टेरेसा वॉज राइट देअर. शी डिडन्ट नो. माझी किक तिच्या तोंडावर बसली असती.”

मृणालिनीने गाडीचा वेग कमी केला. मग हळूच म्हणाली, “हिवाळाभर बॉल माझ्यामुळे ट्रंकमध्ये राहिला. काढू, काढू म्हणत राहिले.”

“आय नो,” ईशिता म्हणाली, आणि तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

आता मी बेसमेंटमध्ये जिन्यासमोरच, बर्फात वापरायच्या विंटर टायर्सच्या शेजारी असतो. ईशिताच्या वडिलांनी, जयदीपने, एकदा विचारले, “हा टाकून देऊ का?”

“नको,” मृणालिनी म्हणाली. “राहू दे माझ्या डोळ्यांसमोर.”

वर नवा चेंडू खुळखुळला की मी अजूनही बेचैन होतो. सरावाहून आल्यावर मृणालिनी त्याला कधीच गाडीत सोडत नाही, तेवढा एक दिलासा.

मित्रांनो, कोणाची काठी असेल, कोणाचे कानाचे यंत्र असेल. अशा वस्तूच्या भरवशावर तुमच्या घरातले कोणीतरी पाऊल टाकत असते. बाहेर बर्फ पडत असेल, तुम्ही दमला असाल, भूक लागली असेल, तरी आधी ती वस्तू आत आणा. मग आपले बूट काढा.